रूट केलेल्या फोनवर कंपनीचं अपडेट घ्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन अँड्रॉइडचा आहे, रूट केलेला (म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवलेला) आहे, कंपनीनं नवं व्हर्जन सोडलंय आणि फोटो-चॅट न गमावता त्यावर जायचंय, एवढ्याच कामापुरतं हे पान आहे. फोन रूट कसा करावा हे इथे सापडणार नाही. फाइलींची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर ती रोमनमध्ये, छोट्या अक्षरांत टाइप करायची.

नोटिफिकेशन आलंय. सरळ 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' दाबलं तर?

बहुतेक फोनांवर अपडेट उतरतं, थोडं पुढे सरकतं आणि 'इन्स्टॉलेशन प्रॉब्लेम' म्हणून थांबतं. डेटा जात नाही, फक्त दीड-दोन जीबी नेट जातं. जुन्या, एकच सिस्टीम असलेल्या फोनांत मात्र फोन रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या वेगळ्या मोडमध्ये, जाऊन अडकू शकतो, आणि तिथे टीडब्ल्यूआरपी (कंपनीची नसलेली, बाहेरची रिकव्हरी) बसवलेली असेल तर पुन्हा पुन्हा तिथेच येत राहतो.

कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. कंपनी पाठवते ते अपडेट सहसा पूर्ण सिस्टीमचं नसतं, फरकाचं असतं: 'अमुक ब्लॉकमध्ये हे आहे, त्याचं ते कर.' अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, हा हिशोब फाइलींचा नसून पार्टिशनच्या (स्टोरेजच्या कप्प्यांच्या) ब्लॉकांचा आहे. लिहिण्याआधी जुन्या ब्लॉकांचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, तपासला जातो. तो जुळला नाही तर अपडेट माघार घेतं. तुम्ही सिस्टीममधली एकही फाइल बदलली नसेल, पण ते पार्टिशन एकदा रीड-राइट माउंट केलं असेल, तरी हॅश बदललेला असतो.

म्हणजे आधी अनरूट करायचं?

प्रश्न जरा चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. अपडेटला रूटशी वैर नाही; त्याला हव्या असतात जशाच्या तशा पार्टिशन. मॅजिस्क हे रूटचं साधन २०१६ मध्ये आलं ते 'सिस्टीमला हात न लावता रूट' म्हणूनच. ते फक्त बूट इमेजमध्ये (फोन सुरू करणाऱ्या पार्टिशनच्या फाइलीत) बदल करतं, त्यामुळे ती एक इमेज मूळ जागी ठेवली की काम भागतं. त्याआधीच्या काळात सुपरएसयू हे जुनं रूट साधन सिस्टीममध्येच घुसवलं असेल, किंवा रूट एक्स्प्लोररनं सिस्टीम फोल्डरातलं एखादं कंपनीचं ॲप उडवलं असेल, तर नुसतं अनरूट करून काहीच होत नाही. ती पार्टिशन पुन्हा पूर्ण लिहावी लागते.

माझ्या फोनचं काय काय बदललंय ते कसं कळणार?

आठवून कागदावर लिहा, दुसरा सोपा उपाय नाही. बूट तर बदललेली असणारच. २०२२ पासून अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या फोनांत रॅमडिस्क (फोन सुरू होताना लागणाऱ्या पहिल्या फाइली) 'इनिट बूट' नावाच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये असते, तिथे मॅजिस्क ती पॅच करतं. पिक्सेल ६ पुढे अँड्रॉइड १३ वर गेला तरी त्याची बूटच. पिक्सेल ७ ची मात्र इनिट बूट. कर्नलएसयू आणि एपॅच ही रूटची दुसरी साधनं कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) वाटेनं जातात, म्हणून तिथे बहुधा बूट इमेज. टीडब्ल्यूआरपी घातली असेल तर रिकव्हरी, आणि नव्या फोनांत बूट किंवा व्हेंडर बूट. रूट करताना कुणाच्या सांगण्यावरून व्हीबीमेटा (बाकीच्या पार्टिशन अस्सल आहेत का ते तपासणारी) व्हेरिटी, म्हणजे ती तपासणी, बंद करून फ्लॅश केली (फोनमध्ये लिहिली) असेल तर तीही. कस्टम कर्नल असेल तर डीटीबीओ (हार्डवेअरच्या वर्णनाची पार्टिशन). या यादीतली प्रत्येक वस्तू मूळ रूपात लागणार आहे.

मूळ इमेज कुठून आणायच्या?

सध्या फोनवर चालू असलेल्या बिल्डच्या (नेमक्या आवृत्तीच्या) फर्मवेअरमधून, म्हणजे कंपनीच्या पूर्ण सॉफ्टवेअरच्या फाइलींतून. नव्या बिल्डच्या नाही, 'जवळपासच्या' बिल्डच्याही नाही. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून बिल्ड नंबर अक्षरन् अक्षर उतरवा. एक महिना जुनी बूट इमेज घातली तर फोन बऱ्याचदा सुरू होतो, पण वायफाय किंवा टच बंद पडतो, आणि अपडेटचा हॅश तर नाहीच जुळत. या कामातल्या निम्म्याहून अधिक फजित्या बिल्ड नंबर डोळ्यांनी 'साधारण तोच' वाटण्यातून होतात.

पिक्सेलची फॅक्टरी इमेज गूगल स्वतः देतं. वनप्लस आणि इतर बऱ्याच कंपन्यांच्या झिपमध्ये पेलोड डॉट बिन नावाची एकच मोठी फाइल असते. पेलोड डंपर गो या साधनानं तिच्यातून हवी ती इमेज वेगळी काढता येते. शाओमीच्या फास्टबूट (कॉम्प्युटरवरून फोनच्या पार्टिशन लिहिण्याचा मोड) रॉममध्ये 'इमेजेस' फोल्डरातच सगळं सुटं ठेवलेलं असतं.

बॅकअप कशाचा घेऊ? फोटो तर गूगलवर आहेतच.

फोटो ही सर्वात सोपी गोष्ट. जे परत मिळत नाही त्याचा आधी विचार करा.

सगळ्यात आधी आयएमईआय. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून दोन्ही नंबर कागदावर लिहा. मग, रूट हातात आहे तोवरच, फोनच्या ओळखीच्या पार्टिशनची प्रत काढा. क्वालकॉम चिप असेल तर मोडेमएसटी १, मोडेमएसटी २, एफएसजी आणि पर्सिस्ट. मीडियाटेक असेल तर एनव्हीरॅम, एनव्हीडेटा आणि प्रोटेक्ट १, २. सॅमसंग असेल तर ईएफएस. टर्मिनलमध्ये सुपरयूजर होऊन डेव्ह, ब्लॉक, बाय-नेम या फोल्डरात ही नावं दिसतात. डीडी आज्ञेत 'इफ' च्या पुढे ते नाव आणि 'ऑफ' च्या पुढे स्टोरेजमधली नवी फाइल द्यायची. इफ आणि ऑफची अदलाबदल झाली तर बॅकअपऐवजी पार्टिशनच पुसली जाते, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. फाइली छोट्या असतात. त्या लगेच कॉम्प्युटरवर आणि पेनड्राइव्हवर टाका. पर्सिस्टमध्ये सेन्सर आणि फिंगरप्रिंटचं कॅलिब्रेशन असतं. दुसऱ्याच्या फोनची पर्सिस्ट चालत नाही, मॉडेल तंतोतंत तेच असलं तरी.

ॲपच्या डेटासाठी स्विफ्ट बॅकअप किंवा निओ बॅकअप पुरेसं आहे. फक्त तुम्ही टाकलेल्या ॲपचा डेटा घ्या, सिस्टीम ॲपचा नको. जुन्या व्हर्जनमधला सिस्टीमयूआय किंवा लाँचरचा डेटा नव्या व्हर्जनवर ओतला की क्रॅशची माळ लागते. बँकेची ॲप आणि सिग्नल यांच्या चाव्या फोनच्या कीस्टोरमध्ये (चाव्यांच्या सुरक्षित कप्प्यात) बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा असा बॅकअप परत टाकून उपयोग नसतो. सिग्नलचा स्वतःचा बॅकअप वेगळा घ्या. व्हॉट्सॲपचा गूगल ड्राइव्हवर घ्याच, शिवाय अँड्रॉइड, मीडिया या फोल्डरातलं व्हॉट्सॲपचं पूर्ण फोल्डर कॉम्प्युटरवर उचलून ठेवा.

टीडब्ल्यूआरपीचा नॅनड्रॉइड (पूर्ण पार्टिशनचा) बॅकअप असेल तर चांगलंच, पण अँड्रॉइड १२ नंतरच्या पुष्कळ फोनांत टीडब्ल्यूआरपीला डेटा डिक्रिप्टच करता येत नाही. बॅकअपची साइज काही एमबीच दिसली तर समजा की तुमचे फोटो त्यात नाहीत.

आणि गूगल खात्याचा पासवर्ड खरोखर आठवतोय का, ते दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करून बघा. फोन रिकव्हरीतून पुसावा लागला तर सुरू होताना तो पूर्वीचंच खातं मागतो. भाच्यानं त्याच्या ईमेलवर सेट करून दिलेले काकांचे फोन इथेच अडतात.

यूपीआय आणि ओटीपीचं काय?

डेटा शाबूत राहिला तर यूपीआय ॲप तसंच चालू राहण्याची शक्यता मोठी. पण फोन पुसावा लागला तर सिमवरून एसएमएस पाठवून पुन्हा नोंदणी, आणि नव्यानं नोंदणी केल्यावर पहिल्या २४ तासांत बँका पैसे पाठवण्याची मर्यादा कमी ठेवतात. म्हणून महिन्याची एक तारीख, घरभाड्याचा दिवस, लग्नाच्या खरेदीचा दिवस टाळा. सकाळच्या पोहे-जलेबीपासून रिक्षापर्यंत सगळं क्यूआरवर चालणाऱ्या शहरात दोन दिवसांची रोकड खिशात ठेवून मगच हे काम काढावं. संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसनं मुंबईला निघायचंय आणि तिकीट याच फोनमध्ये आहे, अशा दिवशी तर अपडेटचं नावच नको.

ऑथेंटिकेटरचे कोड हा वेगळा सापळा आहे. गूगल ऑथेंटिकेटरमधून 'ट्रान्सफर' निवडून क्यूआरनं ते घरातल्या दुसऱ्या फोनवर आधीच घ्या. ज्या ईमेलचा कोड फोनमध्ये आणि फोनच्या बॅकअपची चावी त्या ईमेलमध्ये, तिथे काहीच उघडत नाही.

मॅजिस्कचे मॉड्यूल (रूटवर चालणाऱ्या जोडण्या) राहू दिले तर चालतील?

नाही. झायगिस्कवर चालणारे, एलएसपोझ्ड आणि सिस्टीमयूआयमध्ये फेरफार करणारे मॉड्यूल एका अँड्रॉइड व्हर्जनसाठी लिहिलेले असतात. १४ वर सुरळीत चालणारं मॉड्यूल १५ वर बूटलूप (फोन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहणं) देतं ते याच कारणानं. सगळे बंद करा, एकदा रीस्टार्ट करा, फोन नीट चालतोय ना ते बघा. थीमचे आणि फाँटचे मॉड्यूल निरुपद्रवी वाटतात, पण तेही बंद. नंतर एकेक करून चालू करायचे आणि प्रत्येकानंतर रीस्टार्ट. कंटाळवाणं आहे, पण दोषी कोण हे लगेच कळतं.

दोन स्लॉटच्या फोनवर नेमकी पायरी कशी?

आधी स्लॉट, म्हणजे सिस्टीमच्या प्रती, दोन आहेत का ते बघा: फास्टबूटमध्ये 'गेटव्हार करंट-स्लॉट' विचारल्यावर ए किंवा बी असं उत्तर आलं तर आहेत. ही सोय अँड्रॉइड ७ पासूनची. अपडेट वापरात नसलेल्या स्लॉटमध्ये लिहिलं जातं आणि रीस्टार्टला फोन तिकडे उडी मारतो.

१. डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स' बंद करा. नाहीतर रात्री चार्जिंगवर असताना फोन परस्पर रीस्टार्ट होऊन रूट जातं.

२. बॅटरी ६० टक्क्यांच्या वर, मोकळी जागा किमान ८ ते १० जीबी. अँड्रॉइड ११ नंतरच्या व्हर्च्युअल ए/बी फोनांत अपडेटची तात्पुरती प्रत डेटा पार्टिशनमध्येच उतरते. जागा कमी असेल तर ते कारण नीट न सांगताच फसतं.

३. मॅजिस्क ॲपमध्ये 'अनइन्स्टॉल मॅजिस्क', मग 'रिस्टोअर इमेजेस'. 'कम्प्लीट अनइन्स्टॉल' नव्हे. यानंतर रीस्टार्ट करायचं नाही. बूट पार्टिशन मूळ झाली, पण मेमरीत रूट अजून जिवंत आहे.

४. सेटिंगमधून कंपनीचं अपडेट लावा. शेवटी 'रीस्टार्ट नाऊ' येईल. दाबू नका.

५. रूट ठेवायचं असेल तर मॅजिस्कमध्ये 'इन्स्टॉल', 'इन्स्टॉल टू इनॲक्टिव्ह स्लॉट', आणि रीस्टार्ट मॅजिस्कच्या बटणानंच.

तिसऱ्या पायरीला 'स्टॉक बॅकअप डझ नॉट एक्झिस्ट' असं आलं तर मॅजिस्ककडे मूळ प्रत नाही. मग वर सांगितल्याप्रमाणे चालू बिल्डची बूट किंवा इनिट बूट फास्टबूटमधून घाला, मूळ स्थितीत फोन सुरू करा आणि साधं अपडेट घ्या.

पाचवी पायरी मोठ्या व्हर्जनलाही करावी का?

महिन्याच्या सुरक्षा अपडेटला खुशाल करा. १४ वरून १५ अशी उडी असेल तर आमचं मत नाही असंच आहे. आधी रूटशिवाय नवं व्हर्जन सुरू होऊ द्या, अर्धा दिवस वापरा, कॉल आणि वायफाय तपासा, मग नव्या बिल्डची इमेज पॅच करून घाला. एक केबल आणि दहा मिनिटं जास्त लागतात. त्या बदल्यात काही बिघडलं तर बिघाड कंपनीच्या व्हर्जनचा की मॅजिस्कचा, हा वाद उरत नाही.

अपडेट सुरू होतं आणि एरर २० देतं.

बूट मूळ झाली पण दुसरी एखादी पार्टिशन अजून बदललेली आहे. लॉगकॅटमध्ये (फोनच्या नोंदींत) अपडेट इंजिनच्या ओळी चाळा; हॅश कुठल्या पार्टिशनचा जुळला नाही ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. तीच एक पार्टिशन मूळ इमेजनं भरा. जुन्या फोनांच्या रिकव्हरीत हाच आजार 'स्टेटस ७' या नावानं दिसतो.

माझा फोन जुना, एकच स्लॉट, त्यावर टीडब्ल्यूआरपी.

मूळ रिकव्हरी आणि मूळ बूट फास्टबूटमधून घाला, मग अपडेट. सिस्टीमला कधी हात लावला असेल तर फरकाच्या अपडेटचा नाद सोडून पूर्ण फर्मवेअर फ्लॅश करा.

सॅमसंगवर अपडेट दिसतच नाही.

दिसणार नाही. बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम तपासून चालू करणारा प्रोग्रॅम) उघडून बदललेली इमेज चढवली की फोनची अवस्था 'कस्टम' होते आणि कंपनीचा सर्व्हर अपडेट देणं थांबवतो. इथे रस्ता ओडिनचा, म्हणजे कॉम्प्युटरवरून सॅमसंग फोन फ्लॅश करण्याच्या साधनाचा. तुमच्या मॉडेलचं आणि विभागाचं पूर्ण फर्मवेअर उतरवा. भारतात विकलेल्या फोनांचा सीएससी (विभागाचा) कोड बहुधा आयएनएस असतो. आत बीएल, एपी, सीपी आणि दोन सीएससी फाइली मिळतात. 'होम सीएससी' घातली तर डेटा राहतो, नुसती 'सीएससी' घातली तर फोन पुसला जातो. दोन्हींची नावं शेजारी शेजारी आणि सारखी दिसतात, तेव्हा घाई नको.

रूट ठेवायचं असेल तर एपी फाइल फोनवर नेऊन मॅजिस्कनं पॅच करायची आणि तीच ओडिनमध्ये एपीच्या जागी द्यायची. पॅच झालेली फाइल कॉम्प्युटरवर परत आणताना एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं साधन) पुल वापरा. एक्स्प्लोररमध्ये ओढून आणलेली इतकी मोठी फाइल वाटेत खराब झाल्याची उदाहरणं आहेत, आणि ते कळतं फ्लॅश अर्ध्यात थांबल्यावर.

मागे जाण्याबद्दल: फर्मवेअरच्या नंबरात शेवटून पाचवं अक्षर बघा. फोनवरच्या बिल्डपेक्षा ते कमी असेल तर बूटलोडर ते घेणारच नाही. आणि नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज एकदा उडाला की उडाला. मूळ फर्मवेअर घातलं तरी सिक्योर फोल्डर आणि सॅमसंग वॉलेट परत येत नाहीत.

शाओमी, रेडमी, पोको?

धोका एका टिकमार्कमध्ये आहे. मी फ्लॅश साधनात खाली तीन पर्याय असतात आणि 'क्लीन ऑल अँड लॉक' आधीच निवडलेला असतो. तो डेटा पुसतो आणि बूटलोडर लॉकही करतो. फोन मूळचा चिनी आणि त्यावर ग्लोबल रॉम चढवलेला असेल तर लॉक होताच 'हे व्हर्जन या डिव्हाइसवर चालणार नाही' अशी पाटी येते आणि फोन तिथेच बसतो. डेटा ठेवायचा तर फोल्डरातली 'फ्लॅश ऑल एक्सेप्ट स्टोरेज' ही स्क्रिप्ट. भारतीय फोनला भारतीय रॉम, ग्लोबलला ग्लोबल. फ्लॅशआधी 'गेटव्हार अँटी' विचारून अँटी-रोलबॅकचा (जुन्या व्हर्जनवर जाणं रोखणारा) आकडा बघा. उतरवलेल्या रॉमचा आकडा त्याहून लहान असेल तर फोन कायमचा बंद पडू शकतो.

पिक्सेल?

सर्वात सरळ. फरकाचं अपडेट हट्ट करत असेल तर पूर्ण ओटीए (अपडेटची) झिप घेऊन रिकव्हरीतून एडीबी साइडलोड करा. ती जुने ब्लॉक तपासत बसत नाही आणि डेटाही ठेवते. कॉम्प्युटरवर आकडा ४७ टक्क्यांवर थांबून काम संपल्याचं दिसलं तर घाबरू नका, तसंच असतं. फोनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते बघा. फॅक्टरी इमेजची फ्लॅश-ऑल स्क्रिप्ट वापरणार असाल तर ती एडिटरमध्ये उघडून 'वजा डब्ल्यू' काढून टाका, तेच डेटा पुसतं.

पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर ऑगस्ट २०२२ च्या अँड्रॉइड १३ नं बूटलोडरचा रोलबॅक आकडा वाढवला. त्यानंतर १२ वर परत जाता येत नाही. शिवाय दुसऱ्या स्लॉटमध्ये जुना बूटलोडर राहिला आणि फोन चुकून तिकडे गेला, तर तो सुरूच होत नाही. १२ वरून आता चढणाऱ्यांनी पहिल्या स्लॉटमध्ये १३ व्यवस्थित सुरू झाल्यावर तीच ओटीए पुन्हा साइडलोड करून दुसरा स्लॉटही भरून घ्यावा.

सगळं मूळ केलं. आता बूटलोडर लॉक करू?

नवं व्हर्जन रूटशिवाय पूर्ण सुरू झाल्याशिवाय मुळीच नाही. लॉक करताना डेटा पुन्हा पुसला जातो, आणि एकही पार्टिशन परकी राहिली तर फोन सुरू होत नाही, पुन्हा अनलॉक करायला सेटिंगपर्यंतही पोचता येत नाही. लॉक करण्याआधी 'ओईएम अनलॉकिंग' चं बटण चालूच ठेवा.

जेल रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिलं तर?

देऊ शकता, पण 'सॉफ्टवेअर मार देंगे' एवढ्या वाक्यावर फोन सोडू नका. समोर उभं राहून विचारा: फाइल कुठल्या बिल्डची, डेटा राहणार का, होम सीएससी घालणार की सीएससी, लॉक करणार का. ज्याला काम येतं तो दोन मिनिटांत उत्तर देतो. आयएमईआयच्या बॅकअपचा पेनड्राइव्ह घरीच ठेवा. फोन परत घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश पुन्हा डायल करून कागदाशी ताडून बघा.

कॉम्प्युटरला फोन दिसत नाही.

आधी केबल बदला. चार्जरसोबतच्या अनेक स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतात. मग पोर्ट: निळा यूएसबी ३ सोडून जुना यूएसबी २ वापरा, विशेषतः रायझन प्रोसेसरच्या मशीनवर फास्टबूट यूएसबी ३ वर मधेच लटकतं. मग ड्रायव्हर. प्लॅटफॉर्म टूल्स (एडीबी आणि फास्टबूटचा संच) ताजे उतरवा, जुन्या सीडीतले नकोत. पावसाळ्यात लाईट लपलप करत असेल तर डेस्कटॉपऐवजी चार्ज केलेला लॅपटॉप घ्या. बूटलोडर लिहिला जात असताना कॉम्प्युटर बंद पडणं हा या कामातला सर्वात महाग अपघात आहे.

अपडेटनंतर लोगोवरच अडकलाय.

मोठ्या व्हर्जननंतर पहिलं बूट दहा-पंधरा मिनिटं घेऊ शकतं, तेवढा वेळ द्या. त्यानंतरही तसंच असेल आणि मॉड्यूल बंद करायचं राहून गेलं असेल, तर लोगोचं ॲनिमेशन सुरू होताच व्हॉल्यूम डाउन धरून सेफ मोडमध्ये जा. मॅजिस्क सगळे मॉड्यूल आपोआप बंद करतं. आधीच एडीबी चालू असेल तर 'मॅजिस्क वजा वजा रिमूव्ह-मॉड्यूल्स' ही आज्ञाही आहे. तेही नाही जमलं तर नव्या बिल्डची मूळ बूट फ्लॅश करा. पुसणं अगदी शेवटी.

बँकेचं ॲप आता उघडत नाही.

बूटलोडर उघडा असेपर्यंत हे होणारच. सेफ्टीनेट या गूगलच्या फोन-तपासणीची जागा आता प्ले इंटेग्रिटीनं घेतली आहे, आणि मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या फोनवर ती चिपमधल्या चावीची साक्ष मागते. रूट लपवणारे मॉड्यूल आज चालतात, पुढच्या आठवड्यात नाही. पगाराचं खातं ज्या ॲपवर आहे ते ॲप रूट नसलेल्या दुसऱ्या, स्वस्त फोनवर ठेवणं हाच टिकाऊ उपाय.

सिम आहे, नेटवर्क नाही, आयएमईआयच्या जागी शून्यं.

डेटा पुसू नका, त्यानं काही होत नाही. आधी त्याच बिल्डचा मोडेम पुन्हा फ्लॅश करा, कारण बहुतेकदा मोडेम एका बिल्डचा आणि बाकी सिस्टीम दुसऱ्याची असते. तरीही नाहीच आलं तर पेनड्राइव्हवरच्या तुमच्याच फोनच्या मोडेमएसटी, एनव्हीडेटा किंवा ईएफएसच्या प्रती परत घाला. कुणी 'दुसरा नंबर टाकून देतो' म्हणालं तर फोन उचलून घरी या. आयएमईआय बदलणं भारतात गुन्हा आहे. नंबर परत दिसला की केवायएम, एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात तुमच्याच फोनची कंपनी आणि मॉडेल यायला हवं.